वकील

जालन्यात गल्लीगणिक असा एकेक असतोच. आमच्या जुन्या जालन्यातल्याला सगळे वकील म्हणायचे. घराण्याचा कायद्याशी संबंध एवढाच, की चुलत्याचा बांधाचा दावा अंबडच्या कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळत होता.

नव्वदच्या दशकात केबल आली, केबलवरून कुस्त्या आल्या आणि मागोमाग दुकानांत पैलवानांचे ट्रम्प कार्ड. वर फोटो; खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती. एकानं आकडा पुकारायचा. दुसऱ्याचा कमी निघाला की त्याचं कार्ड आपल्या खिशात. फक्त रँकला उलटं, लहान आकडा भारी. अंडरटेकर हातात आला की पोरगं उगाच खाकरायचं. एवढा सोपा खेळ, पण दहा मिनिटांत गचांडी धरली जायची. मग कुणीतरी ओरडायचं, "वकिलाला बोलवा बे!"

वकील स्वतः खेळत नसे. त्याच्याकडं कार्डंच नव्हती, आणि म्हणून तो निःपक्षपाती. दोन वेगवेगळे कॅट मिसळले की योकोझुनाची वजनं दोन निघायची. वकील दोन्ही कार्डं उन्हात धरून बघायचा. "हे जेवणाआधीचं, हे जेवणानंतरचं. मोंढ्यात कापूससुद्धा सकाळी एक भरतो, संध्याकाळी एक." एकदा छपाईच्या चुकीनं एका पैलवानाच्या लढतींपेक्षा विजयच जास्त निघाले. वकील शांत. "एका लढतीत दोघांना आपटलं असंल. काहून रडतो?"

आणि वादातलं कार्ड निकाल लागेपर्यंत कोर्टात जमा. निकाल लागायचा, कार्ड मात्र जमाच राहायचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत गल्लीतला सगळ्यांत जाड कॅट त्या निःपक्षपाती खिशात असे.

कुणी फारच ताणलं तर त्याचं ब्रह्मास्त्र निघे: "कुंडलिकेच्या पलीकडं असंच खेळतात." पलीकडं म्हणजे नवं जालनं. एकट्यानं पूल ओलांडायची परवानगी आमच्यापैकी कुणालाच नव्हती, त्यामुळं हा पुरावा अभेद्य होता. पुढं तिकडचंच एक बिऱ्हाड आमच्या गल्लीत राहायला आलं. त्यांच्या पोराला आम्ही घेरलं. ते बिचारं म्हणालं, "आमचा वकील तर म्हणतो, जुन्या जालन्यात असं खेळतात."

आता वकिलाचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पुतण्या आणि त्याची टोळी पोकेमॉनची सोनेरी कार्डं घेऊन दुकानाच्या पायरीवर बसते. या खेळाचे खरे नियम भलते अवघड: साठ कार्डांचा डाव, बक्षिसाची सहा कार्डं वेगळी काढायची, पहिली खेळी करणाऱ्याला त्या पाळीत हल्ल्याची बंदी. पोरं यातलं काहीच करत नाहीत. कार्डावरचा एचपीचा आकडा बघतात. ज्याचा मोठा, त्यानं दुसऱ्याचं उचलायचं. म्हणजे ट्रम्प कार्डच, पैलवानांऐवजी पिकाचू. साहजिकच वकिलाची प्रॅक्टिस पुन्हा सुरू झाली आहे.

परवा दोन्ही कार्डांवर आकडा सारखाच आला. पुतण्या मोबाईलवर नियम शोधणार, तेवढ्यात वकिलानं चष्मा लावला आणि कार्ड हातात घेतलं. नकली माल, वरचा मजकूर इंग्रजीसुद्धा नव्हता, स्पॅनिश होता. वकिलानं एका ओळीखाली बोट धरून सावकाश वाचून दाखवलं, "बराबरी झाल्यास... दोन्ही कार्डं... दुकानात जमा."