उडता मारुती

कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१७ साली त्याची रीतसर नोंदणीही झाली, हे वाचल्यापासून बदलापुरातल्या आमच्या गच्चीवर वाळणारे पापड मला बघवेनात. यादव स्वतः वैमानिक आहेत, एवढी एक किरकोळ बाब मी वगळली.

विमानाचं खास इंजिन घ्यायचं तर फ्लॅट विकावा लागणार, म्हणजे गच्चीही गेली. तेव्हा मोटारीचंच इंजिन. अमेरिकेत पीटनपोल नावाच्या गृहस्थाने १९२९ साली फोर्डच्या मोटारीचं इंजिन लावून विमान उडवलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये बाबांची मारुती ८०० होती. ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ अश्वशक्तीत झालं, म्हणजे मी एकटाच तीन जोड्या राइट बंधूंना भारी!

शिवाय नाव बघा. मारुतीने उडायचं नाही तर कोणी? लंकेपर्यंत एका झेपेत, वाटेत पेट्रोल पंप नाही. माझ्यात आणि त्याच्यात एक साम्य तर उघडच आहे. संजीवनी ओळखता आली नाही म्हणून तो अख्खा डोंगर घेऊन आला. मी उल्हासनगरला दोन नटबोल्ट आणायला गेलो आणि साइज आठवेना म्हणून पाच किलो घेऊन आलो. डोंगर परत नेऊन ठेवला म्हणतात. माझे नटबोल्ट अजून पलंगाखाली आहेत.

त्याच दुकानदाराला विचारलं, "पंख्याला जोडायला गिअर मिळेल?" मोटारीचं इंजिन पाच हजार फेऱ्यांवर जोर धरतं, पंखा अडीच हजारांच्या आसपास ठेवावा लागतो.

"गाडी कौनसी है?"

"विमान."

"कौनसे साल का मॉडेल?" भुवई हलली नाही.

"गॅरंटी?"

"जमीन पे छह महीना."

बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी माझं ड्रॉइंग चष्म्याखालून पाहिलं. "माळशेज घाटात ही दोनदा उकळली होती. विमानात इंजिन तासन्‌तास घाटच चढतं. आणि सिलिंडरला प्लग एकच? विमानाला दोन असतात ना?"

मला राग आला. माझ्या प्रत्येक बेतावर हा माणूस पाना घेऊन येतो. पण दर रविवारी सकाळी ते खाली जाऊन दहा मिनिटं गाडी चालू ठेवतात. आई पुढच्या सीटवर बसायची, ती सीट पुसतात. आई गेल्यापासून गाडी गेटबाहेर गेली नव्हती.

पुढच्या रविवारी किल्ली हातात घेऊन तेच म्हणाले, "काढ इंजिन. पण आधी एकदा शिवमंदिरापर्यंत जाऊन येऊ."

गाडी त्यांनीच चालवली. मी मागे बसलो. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यावर ती खोकली आणि थांबली. मागे रिक्षांचे हॉर्न. मी उतरून ढकलायला लागलो. काच खाली करून बाबांनी मान बाहेर काढली.

"बघ, इथे उतरता तरी आलं."