निधीच्या फायलीवर विराजमान साहेबांस अनावृत पत्र

श्रीयुत निधिदाते महाशयांचे सेवेशी,



बिदर आणि कलबुर्गीच्या गावोगावचा, निजामाविरुद्धचा हैदराबाद मुक्तिसंग्राम लिहून काढण्याच्या आमच्या प्रस्तावावर आपण यंदाही ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा दिलात. अत्यंत आभारी आहे. घाई बरी नव्हेच. १९४८ साली वीस वर्षांचा असलेला तरुण २०२५ मध्ये सत्त्याण्णव वर्षांचा होता. आपल्या पुढच्या बैठकीपर्यंत त्याने थांबायला काय हरकत आहे?

आपला हात आखडता आहे, असे म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही. दर सतरा सप्टेंबरला मंडप पडतो, फ्लेक्स लागतात, बँड वाजतो, पाहुण्यांना शाली मिळतात. निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली ती तारीख आपण कधी चुकवली नाही. त्याआधीची दहा वर्षे तेवढी राहून गेली.

त्या दहा वर्षांची सुरुवात १९३८ ची. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, आर्य समाजाचे सत्याग्रही गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, तुरुंगात दाटीवाटीने राहिले. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांनी त्याच वर्षी डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात प्राण सोडला. त्यांच्या आसपासच्या कोठड्यांत कोण होते? कोणत्या गावचे, कोणाची लेकरे? हे शोधायचे तर हैदराबादच्या दप्तरखान्यात महिनोन्‌महिने बसावे लागते, आणि निजामी दप्तर उर्दूत आहे. ते वाचणाऱ्याचे मानधन आपण ‘अनुत्पादक खर्च’ म्हणून कापलेत. आपल्या काटकसरीपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

सरहद्दीचे आपले भान तर वंदनीय. प्रस्तावात उदगीरचे नाव दिसताच ‘विषय परराज्यातील’ असे लिहून आपण कागद परत धाडलेत. चूक भाई श्यामलालांचीच म्हणायची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे तीन वाटे होतील, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात जातील, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि उरलेले म्हैसूरकडे, हे त्यांनी आधीच ओळखून मरायला हवे होते. निजामाशी लढायला सोलापूरच्या हद्दीत शिबिरे काढणाऱ्या पोरांनीही, पुढे स्वतःवरच्या संशोधनाचे अनुदान कोणत्या राज्याकडे मागितले जाईल, याचा विचार केला नाही.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातला, काम मराठवाड्यात, १९५२ ची खासदारकी गुलबर्ग्याची, आणि त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला. त्यांचा अर्ज आपण कोणत्या खिडकीवर घेतला असता, साहेब?

बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याच्या स्मारकाबद्दलही ऋणी आहे. मे १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी तिथे कत्तल केली. त्या गावाला स्मारक मिळायलाच हवे होते, आणि मी तिथे मनापासून हात जोडतो. पण मारल्या गेलेल्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. गल्लीगल्लीत बसून नाव, वडिलांचे नाव, घर, मागे कोण उरले, असे टिपून घेतले असते तर तो बदलला नसता. त्या टिपणाला लागणारा खर्च आपल्या मंडपाच्या झालरीतून निघाला असता.

‘वादग्रस्त प्रकरण वगळावे’ या आपल्या प्रेमळ सूचनेचे आभार कसे मानू? सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, इथल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी करायला सुंदरलाल समिती आली होती. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडसोबत आमचे बिदर आणि गुलबर्गा मांडले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही, आणि आता गावातल्या आठवणीही येऊ नयेत ही आपली इच्छा. क्षमा करा, हे आमच्याने होणार नाही. गोरट्यात कुंकू पुसले गेलेली बाई आमची, आणि त्यानंतर चार महिन्यांनी नवरा, लेक गमावलेली मुसलमान बाईही आमचीच. एकीचे लिहून दुसरीचे गाळायचे असेल, तर तो निधी आपल्याकडेच सुखरूप असू द्या.

आमचे मागणे फार नाही. उर्दू आणि मोडी जाणणारी दोन माणसे, एक स्कॅनर, हैदराबादेतल्या मुक्कामाचा खर्च, खेड्यांचे एसटीभाडे. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, ज्याची जी बोली तिच्यात सांगणे टिपून घेणारी तरुण पोरे. तीन राज्यांनी मिळून द्यावे, किंवा एकाने द्यावे.

तेही पुढील वर्षावर गेले, तर एक सही तरी आजच करावी. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे जुने अर्ज अजून कचेऱ्यांच्या कपाटांत आहेत. कोण कोणत्या शिबिरात होता, कोणते काम केले, कोणत्या साथीदाराने साक्ष दिली, हे त्यांत त्या माणसांनी स्वतःच सांगितले आहे. ते कागद रद्दीच्या यादीत घालू नयेत, एवढेच त्या सहीने करायचे आहे. तिला निधी लागत नाही.



आपला,
भालकी तालुक्यातील एक इतिहास-अभ्यासक