लोकसहभागाचं अंडं

गावच्या शाळेत मुलांना जेवू घालणं हे पुण्यकर्म. म्हणूनच सरकारने त्यातलं थोडं पुण्य गावासाठी राखून ठेवलंय. नोव्हेंबर 2023मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. पोरं खूश झाली, तिथेच माशी शिंकली. जानेवारी 2025मध्ये नवा निर्णय आला: अंडं द्या, साखर घाला, हरकत नाही, फक्त पैसे लोकसहभागातून उभे करा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

मुख्याध्यापकांचा अभ्यासक्रम त्यामुळे वाढला. सकाळी परिपाठ, मग पोल्ट्रीवाल्याला फोन, दुपारी किराणा दुकानदाराकडे गोड खिचडीपुरत्या साखरेसाठी आर्जवं. एखादा दाता गाठ पडलाच, तर त्याच्या वाढदिवसाला अंड्यांचे दोन ट्रे येतात आणि सोबत फ्लेक्स. फ्लेक्सवर भाऊंचा हसरा चेहरा, वर नेत्यांची रांग आणि खाली कोपऱ्यात अंडं, तेही अर्धं कापलेलं.

चूल मात्र रोज पेटते. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. तो रांधणाऱ्या ताईंना महिन्याला 2500 रुपये मानधन. एवढ्या पैशांत राबणं हाही लोकसहभागच, पण त्याचा फ्लेक्स लागत नाही.

योजना चांगलीच आहे. ती वरपर्यंत न्यावी. मंत्रालयाच्या उपाहारगृहातलं ऑम्लेटही लोकसहभागातूनच होऊ द्या. दाते गाठायला मुख्याध्यापक आहेतच, त्यांचा हात आता चांगला बसलाय.