लेकुरवाळ्या आमवातग्रस्तांसाठी गृहकृत्यांची सुधारित नियमावली

विवाहानंतर यथावकाश ज्या स्त्रीला दोन अपत्ये, एक सासूबाई, दोन खोल्यांचे रेल्वे क्वार्टर आणि आमवात या चारही गोष्टींचा लाभ झाला आहे, तिने सकाळी उठावे कसे, आणि उठल्यावर पुढे काय करावे, याविषयी अधिकारवाणीने लिहिलेली पुस्तिका प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आलेली नाही; सबब भुसावळच्या हवेत व भुसावळच्या आप्तेष्टांत राहून पदरी पडलेल्या अनुभवाच्या जोरावर तिने पुढील नियमावलीचा खर्डा स्वतःच सिद्ध केला आहे. मजकूर तिने बोलून सांगितला आणि तो उतरवून घेण्याचे काम घरातील अन्य हातांनी केले, यावरून तिची पात्रता वाचकांच्या ध्यानात यावी.

पहिले कलम रोगाच्या निदानाचे. रक्त प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच हे निदान घरी, शेजारी आणि लग्नकार्यात विनामूल्य होऊन चुकलेले असते, आणि त्याचा निकाल सर्वत्र एकच लागतो : बाळंतपणात कान बांधले नाहीत, वारा शिरला. या निकालाविरुद्ध अपील करू नये. कारण त्यात अर्धे तथ्य आहे, आणि अर्धे तथ्य असलेल्या मताशी वाद घालणारा मनुष्य हमखास हरतो. गरोदरपणात हा रोग पुष्कळजणींच्या बाबतीत नरमतो आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत उसळतो, किंवा तेव्हाच प्रथम प्रकट होतो, ही गोष्ट खरीच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट हेरली, १९३८ साली तीवर निबंध लिहिला, आणि सुजलेल्या सांध्यांना शांत करणारे असे कोणते द्रव्य शरीर स्वतःच निर्माण करते, या एका प्रश्नाच्या पाठीमागे वर्षानुवर्षे लागून अखेर १९४८ च्या सप्टेंबरात, अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची इंजेक्शने देण्यास आरंभ केला. ती बाई थोड्याच दिवसांत उठून बाजारहाट करून आली, आणि १९५० साली हेंच यांना केंडॉल व राइखश्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आमच्या सासूबाईंचे निरीक्षण आणि नोबेलविजेत्याचे निरीक्षण यांत तफावत नाही; फरक एवढाच, की निरीक्षणानंतर हेंच यांनी कोणाला कान बांधायला सांगितले नाहीत.

निदानाच्या कलमास एक पोटकलम जोडणे अवश्य आहे. हाताची बोटे सुजली आहेत असे सांगताच समोरची वडीलधारी व्यक्ती ‘अगं, माझेही गुडघे दुखतात’ असे म्हणून आपल्या गुडघ्यांची कैफियत मांडू लागते. साठीनंतर झिजलेले गुडघे हे आदरणीय असले तरी त्यांचा प्रांत निराळा आहे. आमवातात झीज नंतर येते. प्रथम येते ती फितुरी, म्हणजे रोगजंतूंपासून मुलूख राखण्यासाठी नेमलेली शिबंदी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, तीही उजव्या-डाव्या दोन्ही हातांवर सारख्याच निष्ठेने. माधवकराने ‘माधवनिदाना’त, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास, आमवातास स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्यातील वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिली, आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १८५९ साली या रोगास ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव रूढ केले, आणि पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली घरोघर फिरून झालेल्या पाहणीत हा रोग दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकास असल्याचे आढळले. २०११ च्या शिरगणतीत भुसावळची वस्ती सुमारे एक लाख सत्त्याऐंशी हजार भरली होती. तेव्हा त्रैराशिक मांडले, तर या एका शहरात आमच्या जातीची काही शेकडे माणसे निघावीत, आणि त्यांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने बायका. इतका मोठा समुदाय असूनही धुळ्याकडच्या मावससासूबाई भेटताक्षणी ‘काय वं माय, इतली तरनी अन् हात दुखतस?’ असे विचारतात. या प्रश्नास उत्तर अपेक्षित नसते. हसावे आणि चहा ठेवावा. पातेले मात्र दोन्ही हातांनी उचलावे.

दुसरे कलम प्रभातकालाचे असून ते सर्वांत लांब आहे, कारण प्रभातकालच लांब असतो. रात्रभराच्या विश्रांतीने इतर मनुष्यमात्र ताजेतवाने होते. आमवातीचे सांधे विश्रांतीनेच आखडतात, आणि त्यांची मूठ वळण्यास तास-दीड तास लागतो. शाळेची रिक्षा मात्र पावणेसातला दारात उभी राहते व तिचा चालक कोणाच्या सांध्यांची वाट पाहत नाही. करिता गृहिणीने स्वतः उठण्याच्या आधी तासभर आपले हात उठवावेत. डॉक्टरांनी दिलेली सकाळची गोळी काहीतरी खाऊनच घ्यावयाची असल्याने दोन बिस्किटे उशाशी ठेवावीत (ती धाकट्याच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा बेताने), आणि मग घमेल्यात सोसवेल इतके ऊन पाणी घेऊन त्यात मनगटापर्यंत हात बुडवून स्वस्थ बसावे. जानेवारीत तापीवरून वारे सुटते तेव्हा या विधीस इंधन लागते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला असता, गच्चीवरच्या टाकीतून हे औषध दिवसभर फुकट वाहत असते, आणि आमच्या गावच्या उन्हाळ्याविषयी काढण्यासारखा चांगला उद्गार मला तरी एवढाच सुचतो.

हात अर्धवट जागे झाले की त्यांना पहिली कामगिरी मिळते ती गणवेशाच्या गुंड्यांची. सदऱ्याची गुंडी ही वस्तू ज्याने शोधून काढली त्याला सांधे नसावेत, आणि असले तरी मुले नसावीत. सुधारित नियमानुसार सर्व गुंड्या रात्रीच लावून ठेवाव्यात, केवळ वरच्या दोन मोकळ्या सोडाव्यात, आणि सदरा मुलीच्या डोक्यावरून घालावा. त्या दोन गुंड्या लावण्याचा मान मुलीस द्यावा. तो मान तिला तीन मिनिटे पुरतो, आणि त्या तीन मिनिटांत आपण डब्याच्या झाकणाशी झगडून घ्यावे.

वेण्यांचे प्रकरण याहून बिकट. शाळेच्या हुकुमाप्रमाणे मुलीच्या दोन वेण्या घट्ट घालून, वर दुमडून, तांबड्या रिबिनींनी बांधलेल्या असाव्या लागतात, आणि या कृतीत अंगठा व दोन बोटे यांची जी चिमटी सतत धरावी लागते तीच नेमकी आमवाताने प्रथम जप्त केलेली असते. केस कापावेत, ही सूचना लेखिकेने एकदा मांडून पाहिली. आजी आणि नात या दोन पिढ्यांनी, इतर कोणत्याही विषयावर दुर्मीळ असलेली एकजूट दाखवून, ती फेटाळली. तेव्हा हा अधिकार पतिराजांकडे वर्ग करण्यात आला. ते मालगाडीवर गार्ड असून रेल्वेने २०२२ साली गार्डांचे नामांतर ‘ट्रेन मॅनेजर’ असे केल्यापासून घरात एक मॅनेजर उपलब्ध होता, तो केवळ उपयोगात आणावयाचा राहिला होता. पहिले काही दिवस वेण्या एक वर, एक खाली अशा निघत. पुढे त्यांत इतका नीटनेटकेपणा आला, की वर्गातल्या बाईंनी ‘वेण्या कोणी घातल्या गं?’ असे विचारले, आणि मुलीने ‘पप्पांनी’ असे सांगितल्यावर वर्ग हसला. मुलगी रडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीलाही पप्पांकडून वेणी घालून घेण्याचे आमंत्रण दिले. त्यांची ड्यूटी रात्रीची असेल त्या दिवशी सासूबाई वेण्या घालतात, आणि त्या घालताना वाऱ्याचा व कानांचा विषय निघतो. तो कानांआड करावा.

तिसऱ्या वर्षातले मूल ‘उचल’ म्हणून हात पसरते, त्याविषयीचा नियम कडक आहे : आईने मूल उचलू नये, मुलाने आईवर चढावे. आपण पलंगाच्या कडेवर बसावे, त्याने पाटावर पाय ठेवून वर यावे, आणि बोटांनी न पकडता त्याला कोपरापर्यंतच्या हातांच्या घडीत घ्यावे. हे त्याला एकदाच समजावून सांगावे लागते, कारण मुलांना आजार समजतो. मोठ्यांना समजत नाही. आमच्या चिरंजीवांनी तर ‘आई, हात उठले का?’ ही चौकशी रोजच्या नित्यक्रमात घातली असून, न उठल्यास त्याची वर्दी ते गॅलरीतून सर्व क्वार्टरांना देतात.

तिसरे, चौथे व पाचवे कलम स्वयंपाकाचे होते, त्यांतील फिरकीची झाकणे, कुकरची मूठ व ओले फडके पिळणे यांविषयीचा तपशील सर्व भगिनींस ठाऊक असल्याने गाळला आहे. फक्त आखाजीचे बोलते. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, खानदेशात पुरणाचे मांडे होतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत ताणून पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर अलगद टाकावयाचा, या विद्येवर आमच्याकडे सुनेची किंमत ठरत आली आहे. नेमक्या याच सुमारास कुरडया, पापड, बिबडे यांची वाळवणेही निघतात. अशा वेळी आमवाती सुनेने वीरश्री दाखवू नये. उंडा तिच्या मनगटावर फाटला तर लोक कणकेस दोष देत नाहीत. तिने चुलीपासून दूर, पण सर्वांना दिसेल अशा ठिकाणी बसावे, गूळ किती घातला याची वारंवार चौकशी करावी, आणि देखरेख हेही काम आहे असा समज हळूहळू रुजू द्यावा. पुरुषवर्ग शतकानुशतके याच पद्धतीने सणवार साजरे करीत आला असून त्यात कोणास काही वावगे दिसलेले नाही.

सल्ल्यांसाठी घरात आवक-नोंदवही असावी. वांगे वातूळ, ते बंद कर, असे सांगणारे भरिताचे शौकीन असतात. केळे थंड, ते बंद कर, असे सांगणाऱ्यांच्या यावल-रावेरकडे केळीच्या बागा असतात. तांब्याचे कडे, निर्गुडीचा पाला, सुंठ घालून एरंडेल, अडावदजवळच्या उनपदेवाच्या उष्ण झऱ्यात स्नान, या सर्वांवर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून सल्लागाराचे आभार मानावेत. उनपदेवास तर जावेच, सातपुड्याच्या पायथ्याशी मुलांची सहल होते आणि ऊन पाणी सांध्यांना घटकाभर बरे वाटते. अपवाद फक्त एका सल्ल्याचा. कोणा वैदूकडची बिननावाची पुडी घेऊन माणसे आठवड्यात धावू लागली असे कानी आले, तर त्या पुडीत काय आहे ते विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास ती उकिरड्यावर टाकावी. अशा पुड्यांत पुष्कळदा चोरून घातलेले स्टिरॉइड निघते, म्हणजे हेंच यांच्याच औषधाचे भाऊबंद, पण मोजमापाविना. त्याने चेहरा सुजतो, रक्तातली साखर चढते, हाडे पोकळ होतात, आणि सांधा आतून झिजतच राहतो.

औषधाच्या कलमात विनोदास मुभा नाही. मेथोट्रेक्सेट ही या रोगातली मुख्य गोळी. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्यांचे प्रमुख होते, त्या अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती प्रथम कर्करोगासाठी सिद्ध केली. आमवातात तिची मात्रा फार अल्प असते व ती आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाची असते. रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आगाऊ मांडावा. आमच्याकडे शनिवारची रात्र ठरली, जेणेकरून दुसऱ्या दिवशीची मळमळ रविवारी जिरावी. रविवारी घरात शेवभाजीची फर्माईश असते, हा भाग वेगळा. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, ठरल्या मुदतीस रक्त तपासावे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असल्यास डोळे तपासावेत. मेथोट्रेक्सेट चालू असता गर्भधारणा होऊ देता कामा नये. तेव्हा घरातील ज्येष्ठांकडून तिसऱ्या अपत्याची दरखास्त आल्यास ती काही महिने आधी डॉक्टरांपुढे ठेवावी लागते, त्या काळात चालणारी दुसरी औषधे असतात, आणि ती बदलण्याचा अधिकार सासरच्या कोणासही नाही. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळे.

अशाच बऱ्या वाटणाऱ्या दिवशी गृहिणीच्या अंगात संचार होतो; ती पडदे धुते, माळा आवरते, हंडे भरते, आणि पुढचे तीन दिवस त्या एका दिवसाची तगाई व्याजासह फेडत पडून राहते. त्या दिवशीही कामाचा अर्धाच वाटा उचलावा आणि उरलेला अर्धा ज्यांचे हात शाबूत आहेत त्यांच्या नावे रीतसर हुकूम काढून लावावा. हुकूम काढताना कण्हू नये. कण्हण्याने सहानुभूती मिळते. भांडी घासली जात नाहीत.

शेवटची विनंती वाचक भगिनींस. सहा आठवड्यांहून अधिक काळ सकाळी बोटे, मनगटे आखडत असतील, दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजत असतील, तर ‘बाळंतपणाचा वारा’ म्हणून तो काळ वाया घालवू नका. सांध्यांचे कायमचे नुकसान पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होते आणि औषधाचा गुणही तेव्हाच सर्वांत अधिक येतो. रक्तातला रुमॅटॉइड फॅक्टर नाही निघाला तरी रोग असू शकतो, म्हणून कागद पाहून घरी परतू नका, सांधे डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना सासूबाईंना बरोबर न्या. डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी स्वतःच्या न बांधलेल्या कानांनी ऐकले, म्हणजे घरी येऊन ते पुन्हा समजावून सांगण्याचे श्रम वाचतात.