झोताची मनधरणी

अणूंच्या रांगा प्रत्यक्ष दाखवू शकणाऱ्या पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील 'टेम'पुढे, बसलेला नवशिका संशोधक अणू क्वचितच शोधत असतो. त्याचा बहुतेक वेळ उजेड शोधण्यात जातो, ही गोष्ट या यंत्राच्या गौरवपर ग्रंथांत ठळकपणे नोंदवलेली सहसा आढळत नाही. या यंत्रात प्रकाशाची जागा इलेक्ट्रॉनांच्या झोताने घेतलेली असते. 200 किलोव्होल्ट दाबाने पिटाळलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे 70 टक्के वेगाने धावतो आणि त्याची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या तुलनेत जवळजवळ दोन लाख पटींनी लहान असल्यामुळे अतिसूक्ष्म तपशील सुटे सुटे दिसण्याची सोय होते. मात्र हा झोत नमुन्यावर योग्य जागी, योग्य रुंदीचा आणि सरळ उभा आणून सोडण्याचे काम अखेर माणसाच्या दोन बोटांकडे येते, आणि त्या कामाला 'बीम अलाइनमेंट' असे भारदस्त नाव आहे.

या दुखण्याचे मूळ जर्मनीत सापडते. तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत भिंगाचे काम करते, हे हान्स बुश यांनी 1926 मध्ये गणिताने दाखवले, आणि 1931 मध्ये माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अशी भिंगे एकापुढे एक मांडून पहिल्या वर्धित प्रतिमा मिळवल्या. त्यांचे वर्धन मात्र साध्या सूक्ष्मदर्शकानेही हसावे इतके किरकोळ होते. 1933 मध्ये रुस्का यांच्या नव्या यंत्राने प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले खरे, पण झोताच्या माऱ्याने नाजूक नमुने करपून जात असल्याने, जे पाहायचे तेच जाळून पाहण्याचा लाभ काय, असा प्रश्न शंकेखोरांना पडला. रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1986 मध्ये. झोत सरळ करण्यास लागणारा धीर या शास्त्राच्या घराण्यात पहिल्यापासूनच आहे, एवढा निष्कर्ष त्यावरून काढण्यास हरकत नसावी.

यंत्राच्या उभ्या स्तंभाच्या माथ्यावर 'गन' असते, आणि तिच्यात टंगस्टनची तार किंवा लॅन्थॅनम हेक्साबोराइडचा स्फटिक तापवून इलेक्ट्रॉन सोडवले जातात. तार पुरती तापलेली नसते तोवर पडद्यावर तिच्याच टोकाची सावल्यांनी भरलेली प्रतिमा उमटते. ही प्रतिमा चहूबाजूंनी सारखी दिसेपर्यंत 'गन टिल्ट' फिरवायचा, म्हणजे झोताचा कल सुधारायचा, आणि मग सावल्या विरेपर्यंत तापमान वाढवायचे, असा शिरस्ता आहे. त्यापुढे तापवल्यास उजेड वाढत नाही, आयुष्य तेवढे घटते. हा नियम तारेसंबंधी सांगितलेला असला, तरी प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेल्या संशोधकांनाही तो लागू पडताना दिसतो.

गनच्या खाली कंडेन्सर भिंगे, म्हणजे झोत गोळा करणारी भिंगे, येतात. पहिले भिंग ठिपक्याचा आकार ठरवते, दुसरे तो ठिपका नमुन्यावर पसरवते किंवा आवळते, आणि त्यांच्यासोबत असलेले अ‍ॅपर्चर, म्हणजे बारीक छिद्राची धातूची पट्टी, झोताच्या कडेचे भरकटलेले इलेक्ट्रॉन अडवते. अंधाऱ्या खोलीत, हिरव्या उजळणाऱ्या पडद्यावर नजर लावून, 'ब्राइटनेस'चा नॉब फिरवत गेल्यास झोत आवळत आवळत एका लखलखीत बिंदूवर येतो आणि पुढे पुन्हा पसरू लागतो. छिद्र मध्यावर असेल, तर हिरवी तबकडी जागच्या जागी फुलते आणि मिटते. ते केसभर जरी सरकलेले असले, तरी तबकडी फुलता फुलता एका बाजूला निघून जाते. मग बिंदू मध्यावर आणायचा, झोत पसरायचा, पट्टीचे दोन स्क्रू फिरवून तबकडी मध्यावर आणायची, झोत पुन्हा आवळायचा, आणि बिंदू तोवर मध्यावरून हललेला पाहून ये रे माझ्या मागल्या म्हणायचे.

तबकडी मध्यावर आली, तरी ती गोल असेलच याची हमी कोणी दिलेली नसते. भिंगाची ताकद दोन दिशांना वेगवेगळी असली, की 'अ‍ॅस्टिग्मॅटिझम' हा दोष निर्माण होतो. चष्म्याच्या कागदावर ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात, तोच हा दोष. त्यामुळे बिंदूच्या अलीकडे झोत आडवा लांबट दिसला, तर पलीकडे तो उभा लांबट दिसतो. 'स्टिग्मेटर' नावाच्या सुधारक वेटोळ्यांचे दोन नॉब आलटून पालटून फिरवत दोन्हीकडे गोलाई आणावी लागते, आणि बराच वेळ एकटक पाहिल्यावर गोल आणि लंबगोल यांतला फरक यंत्रात आहे की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो.

खरी मेख अशी, की प्रत्येक नॉबचे म्हणणे दुसऱ्या नॉबच्या स्थितीवर अवलंबून असते. ठिपका मोठा असताना झोत 'गन शिफ्ट'ने मध्यावर आणायचा, लहान असताना 'बीम शिफ्ट'ने. पण एक साधले, की दुसरे थोडे बिघडते, म्हणून दोन्ही आकारांत झोत जागेवर स्थिर राहीपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. लग्नघरात रुसलेल्या व्याह्यांची समजूत काढून यावे, तर तेवढ्यात मामांनी ताट बाजूला सारलेले असावे, अशातला हा प्रकार असून, मानपानाचा क्रम पाळण्याला दोन्हीकडे सारखेच महत्त्व आहे. भिंगांचे लोखंड तर जुन्या गोष्टी धरूनही बसते: आधी प्रवाह किती होता यावर आताचे चुंबकत्व थोडे अवलंबून राहत असल्याने, भिंगांतील प्रवाह वरखाली करून त्यांना मागचे विसरायला लावण्याची सोय यंत्रात मुद्दाम केलेली असते.

या खटाटोपात झोत संपूर्ण नाहीसा होण्याचा प्रसंगही ठरलेलाच. अशा वेळी नवशिका हाताला येईल तो नॉब फिरवतो आणि रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो. जाणता चालक मात्र वर्धन कमी करतो, वस्तुभिंगाचे अ‍ॅपर्चर बाहेर काढतो, नमुन्याच्या जाळीची जाड तार आड आलेली नाही ना हे पाहतो आणि झोत ऐसपैस पसरून त्याच्या परतीची वाट पाहतो.

निर्दोष अलाइनमेंट ही वस्तुस्थिती नसून मर्यादा आहे. ऊतीचा पातळ छेद पाच हजार पट मोठा करून पाहण्यास जी जुळणी भरपूर होते, ती अणूंच्या रांगा पाहताना उघडी पडते. म्हणून झोताचा दोष नमुन्याच्या दोषापेक्षा लहान झाला, की हात आवरावा, असे जाणकार मानतात. कोठे थांबावे, ही विद्या नवशिक्याला कोणत्याच ग्रंथातून मिळत नाही. ती त्याला यंत्राच्या आरक्षणाची वेळ संपताच दाराशी येऊन खाकरणारा पुढचा संशोधक शिकवतो, आणि मग आत येऊन सर्वप्रथम ठिपक्याचा आकार बदलतो.