संध्याकाळच्या एस.टी.चे संदेष्टे

घरचे पाळकसाहेब वर्षभर बोलतच असतात, त्यामुळे त्यांचा संदेश आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या सवयीने ऐकतात. पाहुणे उपदेशक येणार म्हटले, की मात्र कपडे इस्त्रीचे लागतात. पाहुण्यांतही प्रकार आहेत. सेमिनरीतून नुकते बाहेर पडलेले तरुण येतात. त्यांच्या जर्मन पंडितांची नावे संपेपर्यंत मागच्या बाकावर शब्बाथ शाळेची पोरे पेंगलेली असतात, आणि पोरांना जागे ठेवायला बसवलेले शिक्षकही. कीबोर्डवाल्याला बरोबर घेऊन फिरणारे बंधू दर वाक्याला हालेलुया मागतात. आमची जुनी मिशनची माणसे तो उसने पैसे दिल्यासारखा जपून देतात.

पण खरे पाहुणे म्हणजे न्यायवाले. नाव सांगत नाही. ज्यांनी ऐकले आहे ते ओळखतीलच. पंचाहत्तरी ओलांडलेले निवृत्त मास्तर, पांढरा सदरा, चेनचे बायबल. बायबलात आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकापाशी एक झेरॉक्स घडी घालून ठेवलेली असते. घड्यांवर ती इतकी झिजली आहे, की उलगडताना पहिल्या रांगेतल्यांचा जीव वरखाली होतो. ती १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाची प्रत. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे दलित मुक्ती रविवारी, ती हमखास निघते. अनुसूचित जातीत कोणत्या धर्माची माणसे धरायची, हे सांगणारा तिसरा परिच्छेद ते चष्मा न लावता म्हणतात. मग १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि आपण? असे विचारून ते थांबतात. हे थांबणे इतके लांबते, की शेवटी कोणीतरी पंच न राहवून ‘आमेन’ म्हणतो. वास्तविक तो प्रश्न असतो.

इतर रविवारीही आमोसच. कापणीच्या सणाला आमोस, मंडळीच्या वाढदिवसाला आमोस. एका लग्नात आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उभे केले, तर गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांवर ते असे घसरले, की नवरदेव आपल्या नव्या बुटांकडे बघत राहिला. बोलण्याआधी मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवतात. नवख्यांना वाटते, वेळेची काळजी आहे. तसे काही नसते. हात उंच केला की पट्टा काचतो, एवढेच. ‘शेवटचा मुद्दा’ तीनदा येतो.

अपवाद महिला रविवारचा. त्या दिवशी पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या मुली मध्य प्रांतातून आणून केडगावला त्यांना कसे उभे केले, हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबल कसे केले, ते तिथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी स्वतःच्या छापखान्यात कसे छापले, हे सांगताना मास्तरांचा आवाज खरोखर भरून येतो. गेल्या खेपेला बायकांच्या बाजूचे निम्मे बाक तेवढे रिकामे होते. महिला मंडळ मागच्या शेडमध्ये पाहुण्यांच्या कोंबडीसाठी वाटण वाटत होते. कर्णा शेडच्याच बाजूला होता, त्यामुळे रमाबाई पोचल्या. जेवताना एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “साहेब, त्या छापखान्याचं लई मनाला लागलं. भाकरी वाढू?”

“अर्धी,” साहेब म्हणाले.

आता यावर हसायचे असेल तर हसावे, मीही हसलो. पण त्यांना बोलावतात का, हे बघा. पाळकसाहेबांचा पगार जमतो वर्गणीतून, ती पंचांच्या हातात. बदली धर्मप्रांताच्या हातात. एवढे हात डोक्यावर असताना माणूस वेदीवरून प्रीती आणि क्षमा यांच्यापलीकडे फारसा जात नाही. जे बोलायचे राहते, त्यासाठी पाहुणा लागतो. पाहुण्याला संध्याकाळची एस.टी. असते. मुळात आमोसही पाहुणाच. तकोवाचा हा मेंढपाळ बेथेलात जाऊन बोलला, तेव्हा तिथल्या अमस्या याजकाने त्याला आपल्या मुलखात जाऊन भाकर खा म्हणून हाकलले. आमची मंडळी सुसंस्कृत आहे. आधी भाकरी वाढते.

तर शनिवारी रात्री पाळकांच्या घरी चहा होतो, पाळकीणबाई सहज म्हणून सांगतात की चार महिने पगार पुरा आलेला नाही, आणि रविवारी साहेब चक्क आमोस सोडून याकोबाच्या पाचव्या अध्यायावर येतात. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी कशी ओरडते, हे ते असे सांगतात, की पाळकसाहेब खाली मान घालून गीतांच्या पुस्तकाची पाने उलटत बसतात. मान सगळ्यात जोरात डोलावतात ते खजिनदार. उपासना सुटल्यावर तेच पहिले पुढे येतात. “सर, फारच छान. हे शेजारच्या मंडळीला ऐकवायला पाहिजे.”

आणि खिशातून पाकीट काढतात. गाडीभाड्याचे. साहेब नको म्हणतात, खजिनदार आग्रह करतात, साहेब पुन्हा नको म्हणतात. हे दोघांनाही पाठ आहे. या वेळी मात्र खजिनदारांनी व्हाउचरला जोडायला तिकीट मागितले. साहेबांनी सदऱ्याच्या खिशातून ते काढून दिले. पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट असते. तिकिटावर शून्य होते.

“मग लिहू काय?” खजिनदार म्हणाले.

“पाळकांच्या पगारात जमा करा.”

खजिनदारांनी शून्याचे तिकीट दोन्ही बाजूंनी बघितले. “तसं हेड आपल्याकडे नाही सर. मीटिंगपुढे ठेवावं लागेल.” मग पाकीट साहेबांच्या बायबलात, चेन उघडीच होती तिथे सरकवून त्यांनी हात जोडले. “पुढच्या वर्षी नक्की या. फक्त विषय जरा तारणाचा घ्या.”