नांदूरचा भागोजी अन् मुंबईचा सोटर

"काकू, नांदूर शिंगोटं तुमचं माहेर ना? मग तिथल्या भागोजी नाईकाला मारणाऱ्या साहेबाचं पुढं काय झालं, ठाऊक आहे?"

"सांगा गुरुजी, पण लवकर. दूध ठेवलंय गॅसवर."

"भागोजीच्या काळी तुमचं नांदूरच काय, नाशिकसुद्धा नगर जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला 1869 साली. भागोजी भिल्ल, अन् आधी नगर पोलिसातच नोकरीला होता बरं का!"

"अगंबाई! मग बिनसलं कशावरून?"

"1855 साली दंग्याच्या आरोपात शिक्षा झाली. सुटला तर वर्षभर जामीन. तेवढ्यात सत्तावन्नचं बंड आलं अन् सरकारनं हत्यारं काढून घ्यायचा हुकूम सोडला. भागोजी गाव सोडून पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या डोंगरात जाऊन बसला, पन्नासेक माणसं घेऊन. 4 ऑक्टोबरला नगरचा पोलीस सुपरिटेंडंट हेन्री चालून आला, तो गोळी लागून तिथंच गेला. नंतर दोन वर्षं भागोजी हाती लागेना. शेवटी फ्रँक सोटरनं 11 नोव्हेंबर 1859 ला सिन्नरच्या मिठसागऱ्यात गाठला अन् मारला."

"सोटर कोण कुठला?"

"बाप अफगाणिस्तानात लढलेला. 1842 साली पलटण कापली गेली, तेव्हा बापानं पलटणीचं निशाण अंगाला गुंडाळलं होतं. जरीकाम बघून अफगाणांना वाटलं, कुणी बडा सरदार आहे, म्हणून जिवंत ठेवला म्हणे! पोरगा 1858 साली नरगुंदच्या राजाला पकडून मानाची तलवार घेऊन बसला, अन् 1864 ला थेट मुंबईचा पोलीस कमिशनर."

"बढतीच बढती!"

"पुढं ऐका. बडोद्याच्या इंग्रज रेसिडेंट साहेबाच्या पपनसाच्या सरबतात विष पडलं, तपासाला सोटर गेला. रावजी नावाच्या हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. आळ आला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. त्यांचा वकील खास विलायतेहून आलेला. त्याचं म्हणणं, पुडी पोलिसांनीच ठेवली. चौकशीच्या आयोगात तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन आपले म्हणाले नाही. तरी 1875 साली महाराजांची गादी गेली ती गेलीच."

"अन् सोटरला?"

"त्याच साली 'सर' हा किताब! 1888 पर्यंत मुंबईचा कमिशनर तोच, अन् त्याच साली निलगिरीत वारला."

"चोवीस वर्षं एका खुर्चीत? आमच्या पोलीस ठाण्यात साहेब तीन वर्षं टिकत नाही. तुम्ही काही म्हणा गुरुजी, त्या पुडीचं मला काही पटलं नाही."